ओट्याला गाल लावणारा माणूस

घरात आलेला पाहुणा आधी माणसांकडे बघतो, मग भिंतीवरच्या फोटोंकडे आणि चहा आला की कपाच्या कानाकडे. पॉलिशवाले भाऊ यातलं काहीच करत नाहीत. चपला दारात काढून ते सरळ स्वयंपाकघरात शिरतात, ओट्यासमोर कमरेत वाकतात, ओट्याला गाल लावतात आणि एक डोळा मिटतात. खिडकी समोर हवी आणि मधे कुणी उभं राहू नये, एवढीच त्यांची अट. तिरप्या उजेडात ओट्यावरचं सगळं दिसतं. वरून पाहिलं तर जो ओटा ‘थोडासा डल झालाय’ एवढाच वाटतो, तोच गाल लावून पाहिला की त्यावर कपांची वर्तुळं, सुरीचे ओरखडे, कुकरची कडी आणि मागच्या मिस्त्रीची कामचोरी अशी सगळी वस्ती उठून दिसते.

घरची मंडळी मागे उभी असतात. कुणी बोलत नाही. शेवटी न राहवून वहिनी विचारते, ‘‘होईल का हो चांगला?’’

भाऊ उत्तर देत नाहीत. ते विचारतात, ‘‘इथं लिंबू कोन कापते?’’

विदर्भातल्या मुकुटबनात असा एक भाऊ आहे. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण वणीत, मारेगावात, पांढरकवड्यात आणि पाटणबोरीतही तो आहेच. फरक असलाच तर मोटरसायकलच्या रंगात. पोरवयात तो एखाद्या फरशीवाल्याच्या हाताखाली सिमेंट कालवायला लागतो. मग कुणीतरी त्याला पैनगंगेपलीकडे आदिलाबादला किंवा थेट हैदराबादला नेतो. तिथे तो राजस्थानी कारागिराच्या हाताखाली मशीन धरायला शिकतो, बोलणी खातो आणि दोनचार वर्षांनी तीन भाषा घेऊन परत येतो. गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, दुकानदाराशी तेलुगू आणि मशीनशी हिंदी. मशीन बिघडली की तो तिला ज्या हिंदीत समजावतो, ती इथे छापता येत नाही.

त्याचं सामान पेंटच्या रिकाम्या बादलीत मावतं. एक हातातलं ग्राइंडर. चिकटपट्ट्यांनी जिवंत राहिलेला एक्स्टेंशन बोर्ड. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चकत्यांसारखे पॅड, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. पाणी मारायची बाटली, दाढीचं पातं, टवके भरायच्या लापीचा डबा, हार्डनरची ट्यूब, काळ्या-तांबड्या रंगांच्या पुड्या. आणि शर्टाच्या खिशात पन्नीतला खर्रा. खर्रा हे सामान नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी विदर्भात मिस्त्री लावलेला नाही.

तर लिंबू. भाऊंनी हा प्रश्न टाकला की घरात चौकशी आयोग बसतो. वहिनी म्हणते, मी तर पाटावरच कापते. सासूबाई म्हणतात, मी ओट्याजवळ जाते तरी का? मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालते. घरधनी दुसरीकडे बघतो, कारण रात्री कांदा-लिंबाची ताटली कुणासाठी आणि कशासाठी तयार होते हे त्याला माहीत असतं. भाऊ कुणाचं नाव घेत नाहीत. गॅसच्या डाव्या अंगाला एक फिकट चट्टा असतो, त्यावर बोट ठेवून ते म्हणतात, ‘‘हा डाग नाई जी. डाग असता तं पुसला असता. इथं गोटा खाल्ला हाय.’’

हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर ही चारही भावंडं चुनखडीच्या घरची. त्यांच्या अंगात कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर, दही असं काहीही आंबट पडलं की ते दगडाला विरघळवतं आणि बारीक बुडबुडे निघतात. जे उरतं ते रंगाचं ठिगळ नसतं, ती खरवडलेली जागा असते. साबणाने ती जात नाही, घासून जात नाही, सासूबाईंच्या राखेनेही जात नाही. पुन्हा घासून, पायरी पायरीने चकाकी आणावी लागते. ग्रॅनाइट वेगळ्या घरचा. त्याला लिंबाचं फारसं भय नाही. म्हणून भाऊ आधी ओट्याची जात काढतात. माणसांच्या बाबतीत हा प्रश्न वाईटच, पण दगडाच्या बाबतीत त्यावाचून काम सुरू होत नाही. सिंकच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे लिंबाचा एक थेंब टाकायचा आणि खर्रा घोटत बसायचं. थेंब फसफसला की घरच्यांचा चेहरा पडतो, कारण दुकानदाराने तो दगड ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकलेला असतो आणि निघतो तेल पाजलेला कडप्पा.

खरं तर बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो, तो भूशास्त्राच्या हिशेबी बहुधा ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमाकुर्तीला निघतो, तोही त्यातलाच. करीमनगरचा ‘टॅन ब्राउन’ मात्र मुकुटबनच्या दारात येऊन बसलेला तेलंगणी शेजारी. भाऊंना गॅब्रो हा शब्द माहीत नाही, पण हात फिरवून ते सांगतात, ‘‘हा चिमाकुर्तीवाला. हा करीमनगरचा. आन् हा,’’ असं म्हणून ते थांबतात, ‘‘हा कुठचा हाय ते दुकानदाराले इचारा.’’

पांढऱ्याधोप कृत्रिम ओट्यांना ते दगड मानत नाहीत. ‘क्वार्ट्‌झ’ म्हणून जो ओटा विकतात, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा आणि बाकी रेझिन असतं. त्यावर गॅसवरून उतरवलेली तापलेली कढई ठेवली की रेझिन पिवळं पडतं. ‘‘डिंकात खडे हायेत ते,’’ भाऊ म्हणतात, ‘‘त्याले पॉलिश करा म्हनता, उद्या लाडवाले पॉलिश करा म्हनसान.’’

ओरखड्यांच्या बाबतीत त्यांचं ज्ञान फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या तोडीचं आहे. मोसने १८१२ साली कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी मांडली, तळाशी शंखजिरं आणि माथ्यावर हिरा. चुनखडीचं खनिज तिसऱ्या पायरीवर, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास, गारगोटी सातव्या पायरीवर. म्हणजे कडप्प्यावर भाजी चिरली तर ओटा चिरतो आणि ग्रॅनाइटवर चिरली तर सुरी बोथट होते. भाऊ अंगठ्याचं नख ओरखड्यावरून आडवं ओढतात. नख अडलं नाही तर वरवरचं काम. अडलं तर मात्र ते ‘‘हं’’ म्हणतात, आणि त्या एका ‘हं’मध्ये घरधन्याला मजुरी वाढल्याचं ऐकू येतं.

मग पुढची कडा. तिथला टवका कुठून उडाला, हे कुठल्याच घरात कुणालाच माहीत नसतं. भाऊंना असतं. शनिवारी मारुतीसमोर न फुटलेला नारळ घरी आणून कडेवर फोडलेला असतो. किंवा वरवंटा निसटलेला असतो. सिंकच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत गेलेली केसाएवढी भेग पाहून तर ते एकदम घरधन्याकडे वळतात. ‘‘माळ्यावरचं सामान काढाले ओट्यावर कोन चढलं होतं?’’ घरधनी पोटावरून हात फिरवतो. सिंक आणि शेगडीसाठी दगड कापला की पुढे-मागे चार बोटांच्या पट्ट्या उरतात; त्या पट्टीवर ब्याण्णव किलोंनी पाय ठेवला की दगडाकडे दुसरा उपाय राहत नाही.

आता मुकुटबनचीच अशी एक गोष्ट आहे, जी भाऊंना सगळ्यात जास्त काम देते, आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढतो. या गावाच्या पोटात चुनखडी आहे. झरी-जामणी आणि वणी तालुक्यांतला बराच पट्टा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या दगडाचा. वणीजवळ राजूरला याच दगडाच्या चुनाभट्ट्या. मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ साली सुरू झाला, तोही याच दगडासाठी. आपला दगड फुटतो, भाजला जातो, दळला जातो आणि पोत्यातून गावोगाव जातो. ओटा मात्र आपल्याला करीमनगरचा लागतो. दुसऱ्या राज्यातून दगड आणून तो चुनखडीच्या डोंगरावर बसवायचा, हा उद्योग फक्त हौशी माणसंच करू शकतात.

पण इथला दगड गप्प बसणारा नाही. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत उतरतं, वाटेत चुनखडी विरघळवत जातं आणि बोअरमधून वर येतं. नळाच्या बुडाशी थेंब थेंब साचतं, वाळतं, आणि पाणी उडून गेलं की दगड मागे उरतो. पांढरी खपली. वहिनीला वाटतं साबण राहिला. सासूबाईंना वाटतं सुनेने पुसलं नाही. भाऊ त्या खपलीवर टिचकी मारतात: ‘‘हा तुमच्याच वावरातला गोटा हाय, वहिनी. ट्रकनं नाई आला, नळातून आला.’’

मग नळातून आलेल्या दगडाचा बंदोबस्त करायला घरात संडासचं ॲसिड निघतं. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर खपली जाते, वास राहतो आणि नळाची चकाकीही जाते. कडप्प्याचा असेल तर खपलीबरोबर ओटाही जातो, कारण दोघं एकाच घरचे. ॲसिडला त्यातला पाहुणा कोण आणि यजमान कोण हे कळत नाही. भाऊंचा धंदा निम्मा लिंबावर चालतो आणि निम्मा या बाटलीवर. ‘‘ते बाटली बनवनाऱ्याचा फोटो घरात लावाचा हाय मले,’’ असं ते एकदा म्हणाले होते, आणि ती थट्टा नव्हती.

बाटलीच्या मागोमाग मोबाइल. हल्ली भाऊंना बोलावण्याआधी मोबाइलमध्ये बघून ओट्यावर टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, चुलीची राख, लिंबाचं साल असे घरगुती उपचार होऊन गेलेले असतात. त्यातही लिंबाच्या सालावर लोकांचा फार विश्वास. लिंबाने गेलेली चकाकी लिंबाने आणायची, हा इलाज कुणाला पहिल्यांदा सुचला असेल कोण जाणे. लेप हा प्रकार मात्र खोटा नाही. पुरातत्त्व खातं ताजमहालाच्या संगमरवराला मुलतानी मातीचा लेप लावतं आणि पिवळेपणा ओढून घेतं, हे भाऊंना ठाऊक आहे. तेलाच्या डागावर तेही चुन्याच्या जातीच्याच खडूची भुकटी थिनरमध्ये कालवून थापतात, वरून प्लॅस्टिक चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी येत नाहीत. पण लेप काम करतो. हळदीचा डाग असेल तर तेवढंही करत नाहीत. खिडकीचा पडदा काढायला सांगतात. हळदीचा रंग उन्हात उडतो. वहिनीला हा सल्ला फुकटचा वाटतो, म्हणून ती तो पाळत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू झालं की घराचं रूप पालटतं. डबे, बरण्या, मिक्सर, देवघरातला दिवासुद्धा बैठकीत येतो. शेगडीवर प्लॅस्टिक. टवक्याची जागा आधी कोरडीठाक करायची, थिनरने पुसायची, मग लापीत त्या दगडाचीच भुकटी आणि रंग कालवून थोडं वर येईल एवढं भरायचं, वाळलं की पात्याने तासायचं. रंग जुळवताना भाऊ चित्रकारासारखे मागे सरकून बघतात आणि दर वेळी मागच्या बादलीत पाय घालतात. भेग असेल तर ती आधी आणखी मोठी करावी लागते, तेव्हाच मसाला आत बसतो. हा क्षण घरच्यांना सोसत नाही. ‘‘अहो, तुम्ही तर फाडून राहिले!’’ घरधनी ओरडतो. भाऊ म्हणतात, ‘‘मंग तुमी भरा.’’

पुढे पाणी आणि पॅड. ५० ने खरवडायचं, १०० ने त्या खरवडीच्या रेघा काढायच्या, २०० ने १०० च्या, असं एकेक पायरी चढत ३००० पर्यंत जायचं. आधीच्या पॅडची रेघ पुढच्या पॅडने पुरती काढल्याशिवाय हलायचं नाही. ओटा काळा असेल तर चूक लपत नाही. एखादी पायरी गाळली की तिरप्या उजेडात जिलेबीसारखी वेटोळी दिसतात आणि मग गाल लावणाऱ्या माणसाची अब्रू जाते. घरच्यांना मात्र २०० लाच कंटाळा येतो, कारण तोवर ओटा पहिल्यापेक्षा भयाण दिसत असतो. सासूबाई दारातून म्हणतात, होता तोच बरा होता. ४०० ला हमखास लाइट जाते. मग भाऊ ओसरीवर बसून खर्रा घोटतात. सुपारी, तंबाखू आणि चुना. तो चुना म्हणजे भट्टीत ९०० अंशांच्या वर भाजलेली आणि पाण्यात विझवलेली चुनखडी. गावच्या दगडाला भाऊ हातात, नाकात आणि गालातही वागवतात.

नाकातलं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ग्रॅनाइटच्या कोरड्या धुळीत बारीक गारगोटी असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा तिला अडवत नाही. पाणी मारत काम केलं तर धूळ फार कमी उडते, ओला चिखल होतो. भाऊ पाणी मारतात. तो चिखल भिंतीवर, फ्रिजवर, बैठकीच्या दारापर्यंत उडतो आणि त्यावरून वहिनी बोलते. ‘‘कोरडं नाही का करता येत?’’ असं विचारणाऱ्या घरात भाऊंनी मशीन लावूच नये, असं मला वाटतं. ओल्या हातांनी तो चिकटपट्टीवाला बोर्ड वापरू नये, असंही वाटतं; त्यावर ते ‘‘करंट आपल्याले ओळखते’’ म्हणून हसतात.

तीन हजारचा पॅड फिरला, वरून पावडर मारून घोटलं, फडका फिरला, की एकाएकी ओट्यात ट्यूबलाइट दिसायला लागते. मग घरातला प्रत्येक जण वाकून स्वतःचं तोंड बघतो. सासूबाई पदर सारखा करतात. घरधनी भिंतीजवळची, कधीही न वापरलेली जागा दाखवून म्हणतो, इथे जरा कमी वाटतं. इथून मजुरीची बोलणी सुरू होतात. ठरलं होतं रनिंग फुटाने. मालकाची टेप ओट्याची आतली बाजू मोजते, भाऊंची बाहेरची. कोपऱ्याचा ओटा असला की दोन्ही मापांत चहाच्या दोन फेऱ्यांचं अंतर पडतं.

या माणसाबद्दल गावात एक प्रवाद आहे की तो चुना लावतो. मी हे मानत नाही, आणि माझ्याकडे कारण आहे. आमच्या आळीतल्या एका घरी नवा ग्रॅनाइटचा ओटा सहा महिन्यांत निस्तेज झाला म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याने गाल लावला, नख फिरवलं, पाण्याचा थेंब टाकून तो दगडात मुरतो का हे बघत बसला. थेंब तसाच उभा राहिला. मग त्याने कोमट पाण्यात साबण मागितला, दाढीचं पातं आडवं धरून एक वीत जागा खरवडली आणि फडक्याने पुसली. ती वीतभर जागा आरशासारखी निघाली. ओट्यावर तेल, साबण आणि नळाच्या पाण्याचा थर बसला होता, दगडाला काहीही झालेलं नव्हतं. ‘‘मशीन नाई लागत,’’ तो म्हणाला, ‘‘असंच पुसून घ्या.’’ चहा पिऊन, एक पैसा न घेता गेला. घरमालकाला ते पटलं नाही. साबणाने जातं तर मिस्त्री कशाला म्हणतात, असं म्हणत त्याने वणीहून दुसरा माणूस आणला. त्याने दिवसभर मशीन चालवली, शेजाऱ्यांना झोपू दिलं नाही, सगळं घर चिखलाने माखलं आणि भरपूर पैसे घेतले. तो माणूस फार चांगला, असं त्या घरात अजून सांगतात. पॅडची एक पायरी त्याने गाळली होती. वेटोळी आहेत. पण तिथे गाल लावून बघणार कोण?

काम झाल्यावर भाऊ निघताना चार सूचना देतात: आंबट सांडलं तर लगेच पुसा, गरम भांड्याखाली चुंबळ ठेवा, सुरी ओट्याच्या काठावर घासू नका, ॲसिडची बाटली स्वयंपाकघरात आणू नका. सगळे माना डोलावतात. भाऊंची मोटरसायकल वळणावर जाईपर्यंत सासूबाई लिंबाचं सरबत करायला घेतात, कारण दिवसभर बोलून बोलून घसा बसलेला असतो.

जुन्या काळी या भानगडी नव्हत्या. चूल जमिनीवर, बाई पाटावर, आणि जमीन खराब झाली की शेणाने सारवली. दुरुस्ती करणारी, पॉलिश करणारी आणि बोलणी खाणारी एकच व्यक्ती होती आणि तिला कुणी रनिंग फुटाने पैसे देत नव्हतं. ते दिवस परत यावेत असं कुठल्याही बाईला वाटणार नाही. उभ्या ओट्याने तिची कंबर सरळ केली. वाकायचं काम आता पॉलिशवाल्या भाऊंकडे आलं.

तुमच्याकडेही काम असेल तर पोळ्याच्या आधी बोलवा. पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत भाऊ फोन उचलत नाहीत, आणि दिवाळीनंतर लग्नसराई लागते. बोलवाल तेव्हा कामाआधी एकदा विचारा की मशीन खरंच लागते का, आणि नाही म्हणाले तर चहाबरोबर फेरीचे पैसे हातावर ठेवा.